माझ्या शिवणाच्या डब्यावर डल्ला मारणाऱ्या भाऊजींना

भाऊजी,

तुमचं दार माझ्या दारासमोर आहे, त्यामुळे हे पत्र फटीतून आत सरकवता आलं असतं. ते चारचौघांत लिहिते आहे, कारण तोंडी सांगून पाहिलं आणि दर वेळी एकच उत्तर मिळालं: "अहो वहिनी, एक कात्रीच तर नेली!" मी ऑफिसात असताना तुम्ही बेल वाजवता, सासूबाईंना "जरा तो शिवणाचा डबा बघू" म्हणता आणि त्या भिडेपोटी डबा पुढे करतात. त्या भिडेची किंमत आजवर मी मोजली. आता तुम्ही काय काय नेलंत, त्याचं काय केलंत आणि वस्तू परत आली तेव्हा तिच्यात काय उरलं होतं, ते एकेक करून वाचा.

तुमच्या त्या 'एका कात्री'पासूनच सुरुवात करू. गणपतीच्या मखरासाठी तुम्ही तिनं पुठ्ठा कापलात. ती दहा इंची, कापडाची कात्री आहे. तिची मूठ पात्याच्या रेषेत नाही, वर वळलेली आहे, हे हातात धरूनही तुमच्या लक्षात आलं नाही. मूठ वर असल्यामुळे खालचं पातं टेबलाला टेकून सरकतं आणि कापड जागचं हलत नाही. सरळ मुठीच्या कात्रीनं कापताना कापड उचललं जातं, दोन पदरांतला वरचा सरकतो आणि डावी बाही उजवीपेक्षा दोन सूत लहान निघते. पात्यांचंही तसंच. दोन्ही पाती किंचित बाकदार असतात आणि एका वेळी एकाच बिंदूत एकमेकांना भिडतात. कात्री मिटत जाते तसा तो बिंदू स्क्रूपासून टोकाकडे सरकत जातो आणि कापड कापलं जातं ते तेवढ्या बिंदूवर. गुळगुळीत कागदात आणि पुठ्ठ्यात लगद्याबरोबर पांढरी माती आणि खडूसारखी पूड घातलेली असते. तुम्ही मखराच्या कमानी कापत होतात तेव्हा ती पूड धार घासून काढत होती. आता त्या कात्रीत शिफॉन घातलं की ते दोन पात्यांच्या मध्ये दुमडून बसतं. कापलं जात नाही, चावल्यासारखं होतं.

मेरठच्या कात्र्यांना २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर जुन्या लोखंडी भंगारातून पाती घडवतात आणि नीट सांभाळली तर अशी कात्री धार लावून लावून एका पिढीकडून दुसरीकडे जाते. सांभाळणं म्हणजे काय, तर ती कापडाशिवाय कशावर चालवायची नाही, खाली पाडायची नाही, काम झालं की पुसून मिटून ठेवायची. एवढंच. हे शाळकरी पोरीला जमतं. तुम्हाला सोसायटीचा पंप दुरुस्त करता येतो आणि हे जमत नाही, यावर माझा विश्वास नाही. तुम्हाला जमतं, तुम्ही ते करायचं मनावर घेत नाही.

ती दहा इंची कात्री निदान वाचेल. सायकलच्या पॅडलवर दगडी चाक फिरवणारा धारवाला आपल्या गल्लीत येतो, तो तिला रुळावर आणेल. झिगझॅग कात्रीचं काय करू? तुमच्या छोटीच्या वाढदिवसाला तुम्ही तिनं चकाकी कागदाच्या झालरी कापल्यात, फोटो काढलेत आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेत. ती कात्री झालरींसाठी नसते, भाऊजी. विणलेलं कापड सरळ कापलं की कडेचे लांब धागे एकेक करून सुटत जातात. नागमोडी काप दिला की कडेला धाग्यांचे फक्त तुकडे राहतात. एखादा सुटला तरी दाताएवढाच सुटतो आणि उसवण तिथेच थांबते. ज्यांच्याकडे ओव्हरलॉक मशीन नाही, त्यांच्या पोलक्याची आतली बाजू या एका कात्रीवर टिकते. अमेरिकेत लुईझ ऑस्टिन या बाईंनी अशा कात्रीचं पेटंट घेतलं ते १८९३ साली, म्हणजे हे कोणी परवा काढलेलं खेळणं नाही. तिचा वरचा प्रत्येक दात खालच्या खाचेत नेमका बसावा लागतो. एक दात बोथटला की दर कापाला तिथे एक धागा लोंबतो. धारवाल्यापुढे ती धरली तेव्हा त्यानं हात जोडले, कारण त्याचं गोल चाक त्या दातांच्या पोटात शिरतच नाही. तुमच्या झालरी दुसऱ्या दिवशी कचऱ्यात गेल्या. त्यांच्या पाठोपाठ ही कात्रीही गेल्यात जमा आहे.

आता दिवाळी. माझं ट्रेसिंग व्हील तुम्ही तुमच्या घरी करंज्या कापायला नेलंत. दिसायला ते कातण्यासारखं आहे, मूठ आहे, पुढे दातेरी चाक आहे, फिरवलं की फिरतं. तुम्हाला तेवढं पुरलं. मला ते कशाला लागतं ते सांगते. कटोरी ब्लाउज शिवायचा तर आधी ब्राउन पेपरवर त्याचा आराखडा काढावा लागतो: कटोरी वेगळी, बाजूची पट्टी वेगळी, खालचा पट्टा वेगळा. टक्सची दोन्ही टोकं कागदावर बरोबर आली तरी ती कापडाच्या दोन्ही पदरांवर त्याच जागी उतरवायची असतात. त्यासाठी दोन पदरांच्या मध्ये शिवणाचा कार्बन घालायचा आणि रेषेवरून हे चाक दाबून फिरवायचं. दातांचे ठिपके दोन्ही पदरांवर एकाच जागी उमटतात. डावी-उजवी कटोरी एकसारखी बसते ती या ठिपक्यांच्या जोरावर.

व्हील परत आलं तेव्हा त्याच्या दातांत मैदा सुकून बसला होता आणि आसाकडे तूप उतरलं होतं. सासूबाईंनी ते धुऊन ठेवलं, पण आसात राहिलेलं पाणी कोणाला दिसतं? खणाच्या कापडावर मी ते फिरवलं आणि निळ्या ठिपक्यांच्या शेजारून तुपकट आणि गंजाच्या ठिपक्यांची दुसरी ओळ उमटत गेली. खणाचा पन्हा लहान असतो. एका ब्लाउजपुरतंच कापड होतं, दुसरी कटोरी काढायला जागा नव्हती. तूप साबणानं गेलं, गंजाचे डाग गेले नाहीत. तुमच्या करंज्या छान झाल्या होत्या. ताट आमच्याकडेही आलं. कातणं बोहारणीकडेसुद्धा मिळतं, भाऊजी, आणि ते व्हीलपेक्षा स्वस्त असतं.

पुढे टाके उसवायची उसवणी. कुरिअरची खोकी फोडायला आणि वायरी बांधायच्या प्लॅस्टिक पट्ट्या तोडायला तुम्ही ती वापरता. तिला दोन टोकं असतात: एक लांब आणि अणकुचीदार, दुसरं आखूड आणि त्यावर लाल मणी. धार या दोन्ही टोकांच्या बेचक्यात असते, टोकाला नसते. अणकुचीदार टोक एखादाच टाका उचलायला. लांब जोड उसवायचा तेव्हा मण्याची बाजू कापडाकडे ठेवून उसवणी पुढे सरकवायची. मणी कापडाला टोचत नाही आणि बेचक्यात येणारे टाके तेवढे कापले जातात. काज उघडताना काजाच्या शेवटाशी एक टाचणी आडवी लावायची, म्हणजे पातं तिथे अडतं आणि काजाचा गाठदार शेवट फाटत नाही. हे सगळं हलक्या हातानं करायचं काम आहे. धार गेली की जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात सुटतो. तुमच्या खोक्यांवरच्या चिकटपट्टीचा गोंद त्या बेचक्यात अजून आहे. परवा सासऱ्यांच्या सदऱ्याचा काज उघडताना उसवणी अडकली, मग सुटली, आणि टाचणीसकट पट्टी फाडत गेली. सदरा नवा होता. खोकं कशानंही फुटतं. काज कशानंही उघडत नाही.

तो लाकडी ठोकळा तुम्हाला नक्कीच आठवत असेल, कारण तो तुम्ही "कसला मस्त आहे हो" म्हणत नेलात आणि तळणाच्या कढईखाली ठेवलात. कठीण लाकडाचा, हातात मावेल असा आणि मुद्दाम पॉलिश न केलेला तो ठोकळा आहे. कॉलर किंवा जाड कापडाचा जोड वाफेच्या इस्त्रीनं दाबायचा, इस्त्री उचलायची आणि लगेच हा ठोकळा वर दाबून धरायचा. लाकूड वाफ ओढून घेतं, कापड दाबाखालीच थंड होतं आणि घडी धारदार बसते. इस्त्री पुन्हा पुन्हा फिरवून कापडाला जी चकाकी येते ती येत नाही. लाकूड उघडं असतं ते वाफ शोषता यावी म्हणून. उघड्या लाकडानं तुमच्या कढईचं तेलही तितक्याच तत्परतेनं शोषलं आहे. आता त्यावर वाफ पडली की तेल सुटतं आणि पांढऱ्या लिननच्या कॉलरला लागतं. ठोकळा तुम्हीच ठेवा, भाऊजी. कढईखाली तो शोभतो; कॉलरवर तो यापुढे चालणार नाही.

पिनकुशनची गोष्ट मात्र मी हसून सोडणार नाही. टोमॅटोच्या आकाराच्या त्या पिनकुशनला एक इवलीशी स्ट्रॉबेरी लटकते. ती तुम्ही कापून घेतलीत आणि स्कूटरच्या किल्लीला लावलीत. तुम्हाला वाटलं ती शोभेची. तिच्यात कुरुंदाची पूड भरलेली असते. सुई तिच्यात दोन-चार वेळा खुपसून काढली की सुईवरचा गंज आणि हाताचा चिकटपणा निघून जातो, टोक पुन्हा सरसर चालतं. आपल्या ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या सुयासुद्धा तांबूस होतात. तांबूस सुई पांढऱ्या मलमलीतून गेली की प्रत्येक टाक्याशी ठिपका सोडते. पैठणीला फॉल लावायचा असेल तर मी आधी सुई त्या स्ट्रॉबेरीत घालते, मगच काठाला हात लावते. तुमच्या किल्लीला ती काय काम करते?

डब्यातल्या काही वस्तू तुम्हाला हत्यारं वाटल्याच नाहीत. स्टीलचे मोठे वायसर घ्या. ते मी हार्डवेअरच्या दुकानातून आणले, त्यांना मऊ कापड गुंडाळलं आणि आराखड्याचा कागद कापडावर दाबून ठेवायला वापरते, कारण रेशमाला किंवा रेक्झिनला टाचणी टोचली की भोक कायमचं राहतं. तुम्ही गुंडाळलेलं कापड सोडून फेकलंत आणि वायसर ड्रमच्या नळाला लावलेत. अंगाच्या साबणाच्या पातळ झालेल्या चिपा "घाण" म्हणून केराच्या टोपलीत टाकल्यात. गडद कापडावर खुणा करायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. कड पातळ असल्यानं रेघ बारीक येते आणि पहिल्या धुण्यात निघून जाते, तर मेणाच्या खडूची रेघ इस्त्रीखाली वितळून कापडात शिरते.

शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या दुकानातून मी एक चिमटा आणला आहे, रक्तवाहिनी धरायचा. त्याच्या मुठीशी दाते असतात. एकदा दाबून बसवला की हात काढला तरी पकड सुटत नाही. कापडी हत्तीसारख्या खेळण्याचे पाय उलटे शिवतात आणि नंतर सुलटे करतात. पायाची नळी करंगळीएवढी असली तर बोट आत जात नाही, हा चिमटा जातो. टोक धरायचं, दाते अडकवायचे आणि ओढत आणायचं. पुढे त्याच चिमट्यानं कापूस तळव्यापर्यंत पोचवायचा. तुम्ही त्यानं बेसिनच्या जाळीतले केस ओढलेत आणि तो तसाच डब्यात आणून ठेवलात. त्या डब्यात माझ्या भाचीच्या बाळाचं झबलं होतं.

आता तुमच्या मनात काय आलं असेल ते मला कळतं. ही बाई स्वतः डॉक्टरचा चिमटा आणि नळाचे वायसर शिवणाला लावते, मग मी व्हीलनं करंज्या कापल्या तर काय बिघडलं? याचं उत्तर नीट देते, कारण सगळं भांडण याच मुद्द्याचं आहे.

एका धंद्याचं हत्यार दुसऱ्यानं उचलणं यात काहीच वाईट नाही. शिवणकाम त्यावरच मोठं झालं आहे. आज गावोगाव क्लासमध्ये आरी वर्क शिकवतात, ब्लाउजच्या बाह्या आणि गळे त्यानं भरतात. ती आरी चामड्याच्या कामातून आली. कच्छमधल्या मोची समाजाच्या कारागिरांनी चामड्यावर चालणारी आकड्याची आरी रेशमावर आणली आणि साखळी टाक्याचं ते देखणं भरतकाम उभं केलं.    अशा देवघेवीला माझी कधीच हरकत नाही. फरक एवढाच की ज्यांनी आरी उचलली, त्यांनी तिचा आकडा धाग्याला कसा धरतो आणि कापडातून परत येताना कुठे अडतो ते आधी शिकून घेतलं. चिमटा आणला तेव्हा तो मी विकत आणला, कोणा डॉक्टरच्या टेबलावरून उचलला नाही. तुम्ही वस्तूचा आकार पाहता आणि उचलता. तिचं काम काय, तिची धार कुठे, तिला काय चालत नाही, हे विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

आणि तुम्ही ते विचारत नाही, कारण माझं शिवण तुमच्या लेखी हौस आहे. न्हाव्याकडे जाऊन "जरा वस्तरा द्या, दुधी सोलायचा आहे" असं तुम्ही म्हणणार नाही. तो त्याचा धंदा आहे, हे तुम्हाला मान्य आहे. तुमचा ड्रिल तुम्ही कुलपात ठेवता. सोसायटीतल्या कोणी मागितला तर स्वतः जाऊन भोक पाडून देता, हातात देत नाही. तेच बरोबर आहे. मग माझा डबा तुम्हाला उघडा का वाटतो? त्यातून पैसे येत नाहीत म्हणून? की तो बाईचा डबा आहे, घरात आहे आणि सासूबाई नाही म्हणत नाहीत म्हणून?

हौशी माणसाला हत्यार धंदेवाल्यापेक्षा जास्त लागतं, हे एकदा समजून घ्या. आपल्या नाक्यावरच्या टेलरमास्तरांकडे कात्री, टेप, खडू, इस्त्री आणि बोटात वरून उघडं अंगुस्तान, एवढ्यात दुकान चालतं. अंगुस्तान वरून उघडं, कारण ते सुई बोटाच्या टोकानं नाही तर बाजूनं रेटतात. ब्लाउजच्या पाठीची दोरी उलटवायची तर ते नळीच्या टोकाला दोरा बांधतात, सुई नाकाकडून आत घालतात आणि बोलता बोलता दोरी बाहेर काढतात. तो सराव वर्षानुवर्षं दिवसभर बसून आलेला आहे. मी ऑफिस, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास झाल्यावर मशीनवर बसते. माझ्या बोटांना तेवढा सराव मिळणार नाही, म्हणून मी आकडा असलेली लांब तार वापरते. तिच्या टोकाच्या आकड्याला एक बारीक जीभ असते. तार नळीतून आरपार घालायची, आकडा कापडाच्या कडेत अडकवायचा आणि ओढायला लागलं की जीभ मिटून कापड धरते. नाडीएवढी बारीक दोरी सरसर उलटत येते, लटकन लावायला तयार. मास्तरांची बोटं जे करतात ते माझ्याकडे ही तार करते. ती वाकली तर माझी दोरी थांबते. गेल्या महिन्यात ती वाकून आली, कारण तुम्ही तिनं ट्यूबलाइटच्या मागे पडलेलं कॅलेंडर काढलंत.

तेव्हा आता मागणं स्पष्ट करते. झिगझॅग कात्री नवी आणून द्या, तेवढ्याच लांबीची. दहा इंचीची धार धारवाल्याकडून मी लावून घेते, पैसे तुम्ही द्या. वायसर नळावरून काढा आणि पुसून परत करा. नळाला साजेसे वायसर त्याच हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. स्ट्रॉबेरी किल्लीवरून सोडवा. दोरी उलटवायची तार नवी लागेल, ती रविवार पेठेत मिळते. पुण्याला तुमच्या बहिणीकडे जाल तेव्हा आणा. कापडाच्या कात्रीला मी लाल फीत बांधली आहे. लाल फितीची वस्तू कागदाला लागणार नाही, हा नियम माझ्या मुलांनाही आहे आणि ती तो पाळतात.

आणि खरोखर शिकायचं असेल तर रविवारी सकाळी या. तुमचा हात स्थिर आहे, डोळा चांगला आहे, मोजमापाची तुम्हाला सवय आहे. पंपाच्या कामात ते मी पाहिलं आहे. तासाभरात तुम्हाला साधी उशीची खोळ कापता येईल, काज उघडता येईल, आणि उसवणीचा तो लाल मणी कशासाठी आहे ते हातालाच कळेल. ज्या दिवशी तुम्ही कटोरीचा टक्स एक सूतही न हलवता दोन्ही पदरांवर उतरवाल, त्या दिवशी ती दहा इंची कात्री मी स्वतः तुमच्या हातात देईन. तोवर सासूबाईंकडे डबा मागू नका. त्याला कुलूप लावलं आहे आणि किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

तुमच्या शेजारची,
वहिनी